तिसऱ्या तासाला येणारा वास

माझी नात पुण्यातली नोकरी सोडून जळगावला परत आली आणि आमच्या घराच्या मागच्या खोलीत तेलं करू लागली. ही तेलं खायची नाहीत आणि डोक्यावर थापायचीही नाहीत. अंगाला लावायची आणि हुंगायची, बस. करंगळीएवढ्या सात बाटल्या, तोंडाशी एक गोळी बसवलेली. बाटली उलटी धरून मनगटावर फिरवली की तेलाची बारीक रेघ उमटते. सात चक्रांची सात तेलं, सगळी मुळापानांची. तिने मला साती नावं पाठ करायला लावली. म्हणाली, "आजी, कोणी विचारलं तर नीट सांगत जा."

मी नीटच सांगत होते. पण शेजारच्या बाईंनी चक्राचं तेल ऐकलं ते चक्करेचं ऐकलं, आणि सकाळी सकाळी कपाळाला चोळायला मागायला आल्या. मी म्हटलं, अहो तसं नाही, शरीरात खालून वर सात जागा असतात, त्यातल्या सगळ्यात खालच्या जागेचं हे तेल, मूलाधाराचं. ती जागा कुठे असते तेही मी हाताने दाखवलं. बाईंचा चेहरा एकदम उजळला.

"मूळव्याधीचं होय. मग तसं म्हणा ना. आमच्या ह्यांना हवंच होतं."

मी त्यांना बाटली दिली आणि दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नातीला कळलं तेव्हा ती चप्पल न घालताच शेजारी धावली. बाटली अजून उघडलेलीही नव्हती, सोमवारपासून सुरू करायचं त्यांचं ठरलं होतं. नात परत आली ती रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही. "त्यात लवंगेचं तेल आहे, आजी," एवढंच म्हणाली. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून हसले.

तिला माझं मनगट हवं होतं म्हणून तिने तो राग सोडून दिला. तरुण कातडीवर तेल कसं वागतं हे तिचं स्वतःवर आणि मैत्रिणींवर बघून झालं होतं. आता तिला माझ्या वयाची कातडी हवी होती.

"माझ्या वयाची म्हणजे वाळलेली म्हण की."

"तूच म्हणालीस हं. मी नाही."

आंघोळ साध्या पाण्याने, साबण नको. पावडर नको. गुडघ्याला बाम लावलास तर तो हात मनगटाला लागता कामा नये. तेल लावल्यावर मनगटावर मनगट घासायचं नाही, नुसतं उघडं ठेवायचं. मग लावल्या लावल्या, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने आणि तीन तासांनी हुंगायचं आणि जे वाटेल ते तिला सांगायचं. ती वहीत लिहून घेणार. दिवसाला एकच तेल. मला एका जागी बसवत नाही हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला माहीत आहे. तरी सहा दिवस सहा तेलं मी शहाण्यासारखी लावली आणि खरं खरं सांगितलं. मणिपूरच्या तेलात आलं आणि ओवा आहे, ते लावून पोटात ढवळतं म्हटलं. विशुद्धाच्या निलगिरीने शेजारचा पडसं झालेला मुलगा आठवला म्हटलं. गवती चहा आणि मरव्याचं अनाहत मला फार आवडलं, तेही सांगितलं. मूलाधार तिने शेवटी ठेवलं होतं. ते तिचं लाडकं.

ते लावलं की आधी लवंग येते. दारातूनच मोठ्याने बोलत आत शिरणाऱ्या पाहुण्यासारखी, इतरांना बोलू देत नाही. दहा मिनिटांत तिचा दम संपतो आणि मागे वाळा उभा असतो. माठात टाकलेल्या वाळ्याच्या जुडीचा वास, गार आणि थोडा चिखलट. मला वाटलं आता हाच राहणार. पण अर्ध्या तासाने वाळ्याच्या खालून आणखी काहीतरी वर आलं. कडसर, मातकट, आणि इतकं ओळखीचं की मी घरभर मनगट नाकाशी धरून फिरले. फ्रिजजवळ गेले, देवघरात गेले, गच्चीवर गेले, आठवेना.

"ह्यात आहे तरी काय?" शेवटी विचारलं.

"नागरमोथा."

"म्हणजे काय?"

तिने मोबाइलवर चित्र दाखवलं. बघते तर लव्हाळा, नाहीतर त्याचा सख्खा भाऊ. चोपड्याकडच्या आमच्या केळीत आणि कपाशीत ज्याच्यापायी माझी कंबर मोडली तोच. वरून खुरपला तरी खाली जमिनीत त्याची गाठ राहते आणि आठ दिवसांत सगळं वाफ्यात परत हजर. ती गाठ खुरप्याखाली चिरडली की हाच वास यायचा. मी आयुष्याची पंधरा वर्षं जो वास उपटून बांधावर फेकला तो माझी नात उत्तरेतून बाटलीत मागवते हे कळल्यावर मी तिला म्हटलं, आधी सांगितलं असतंस तर पोत्याने दिला असता.

तासाभराने त्यात जटामांसी उतरली. ओल्या मुळांचा वास, थोडा जनावराचा, नुकत्या जन्मलेल्या वासराच्या अंगाला येतो तसा. नात म्हणाली, "आता हे हळूहळू कातडीत मुरेल. शेवटी धुरकट आणि गोड होतं, चटईसारखं. तुझ्यावर बघू."

ती बाजारात गेली आणि मी वाट बघत बसले. तीन तास झाले, मनगट नाकाशी नेलं, आणि झटकन खाली घेतलं.

खवट वास येत होता.

दुसरा शब्द नाही. खोबऱ्याची वाटी डब्यात विसरावी आणि उन्हाळा जावा, किंवा तेलाचं भांडं नुसतं पुसून फडताळात ठेवून द्यावं, तसा. वाळा गेला होता, धूर नव्हता, चटई नव्हती. मी परत हुंगलं. परत. जितक्यांदा हुंगावं तितका तो पक्का होत गेला.

नात आल्यावर पिशव्या खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "कसं झालं?"

"छान. चंदनासारखं."

"ह्यात चंदन नाहीये, आजी."

"चंदनासारखं म्हटलं. चंदन आहे असं कुठे म्हटलं?"

तिने ते वहीत लिहिलं. शेवटाला चंदनाची छाया, असं काहीतरी. मी तिच्या हाताकडे बघत होते. खोटं बोलायची मला सवय आहे, पण ते खोटं कोणी सुबक अक्षरात उतरवून घेतंय हे पहिल्यांदाच होत होतं.

मी खोटं का बोलले ते सांगते. त्या वासाबद्दल मला एकच प्रश्न पडला होता. हा तेलाचा आहे की माझा?

पुढचे आठ दिवस मी त्या प्रश्नाच्या मागे घरभर फिरले. दुसऱ्या मनगटावर लावून बघितलं, तिसऱ्या तासाला खवट. बेसनाने हात घासून धुतला आणि लावलं, खवट. कोपराच्या आतल्या बाजूला लावलं तर तिथे वास उशिरा आला, पण आलाच. मग दुपारी सूनबाई आडवी झालेली असताना मी हळूच जाऊन तिच्या पालथ्या पडलेल्या हाताला तेलाची रेघ ओढली. ती जागी झाली. "आई, काय करताय?" म्हटलं, डास होता. आमची सून भली, ती म्हणाली बरं आणि कूस बदलली. तीन तासांनी ती पोळ्या लाटत असताना मी तिच्याजवळ घुटमळले. पीठ, तूप, आणि त्याच्याखाली धुरकट, गोड, अगदी नात म्हणाली होती तसं. चटईसारखं.

म्हणजे तेल चांगलं होतं.

मी माझ्या खोलीत गेले आणि उशीचा अभ्रा हुंगला. कपाट उघडून पातळं हुंगली. ब्लाउजच्या काखा, चादर, चष्म्याचं घर. आपला वास आपल्याला येत नाही म्हणतात ते खरं आहे, कारण मला काहीच येत नव्हतं, आणि त्याने उलट धास्ती वाढली. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"आई, काय शोधतेस?"

"किल्ली."

"कपाट उघडंच आहे."

त्या आठवड्यात मी रिक्षात कोपऱ्यात बसायला लागले. देवळात बायकांच्या ओळीत शेवटी. नात दुपारी येऊन माझ्या पलंगावर लोळायची तर मी उठून बाल्कनीत जायचे. "तुला झालंय काय? सारखी उठतेस," ती म्हणायची. मी म्हणायचे, उकडतंय. फाल्गुनातलं ऊन होतंच, म्हणून चाललं.

तिकडे मागच्या खोलीत बाटल्या भरल्या जात होत्या. रविवारी धुळ्याला बायकांच्या बचत गटांचं प्रदर्शन होतं, नातीला त्यात एक टेबल मिळालं होतं. घराबाहेर ती पहिल्यांदाच विकणार होती. एका संध्याकाळी लेबलं चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "मूलाधारच जास्त खपेल बघ. तुझ्या वयाच्या बायकांना वाळा आवडतो. तू म्हणालीस चंदनासारखं राहतं, मग तर प्रश्नच नाही."

माझ्या हातातलं लेबल वाकडं लागलं. आता प्रश्न माझ्या एकटीचा राहिला नव्हता. माझ्यासारख्या बायका हौसेने ते तेल लावणार, घरी जाणार, आणि तीन तासांनी त्यांच्या सुना नाक मुरडणार. त्यांना वाटेल तेल खराब. नातीचं नाव पहिल्याच दिवशी जाईल. सांगितलं तर मी खवट, नाही सांगितलं तर तिचं तेल खवट. मी ते लेबल काढून सरळ लावलं आणि पुढचं उचललं. एवढी मोठी मी, बहात्तराची, आणि इतकी भ्याले.

भ्याले कारण तो शब्द मी स्वतः एकदा वापरला होता.

मी मूळची धुळ्याची, शहरातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन चोपड्याजवळच्या खेड्यात गेले. त्या एकोणीस वर्षांच्या बाईसाहेबांना आज रस्त्यात भेटले तर मी पदराने तोंड झाकून पलीकडे जाईन. बाईसाहेब कानाच्या पाळीमागे अत्तराचा फाया ठेवून केळीच्या बागेत जायच्या. घाम आला की फाया ओला होऊन मानेवर ओघळ यायचा, माश्या जमायच्या, तरी बाईसाहेबांना वाटायचं की आपण बागेत गुलाब फिरतोय. मजूर बायका मागे हसायच्या. मला वाटायचं जळतात.

सासू शांत बाई. माझ्याशी चांगलीच वागायची. पण तिच्या अंगाला, तिच्या गोधडीला एक वास होता, आणि बाईसाहेबांचं नाक शहरातलं. सकाळी गोधड्यांची चळत रचताना मी तिची गोधडी दोन बोटांत धरून सगळ्यात खाली सारायचे. उन्हात घालताना वेगळी घालायचे, लांब, गोठ्याच्या बाजूला. ती नुसती बघायची. ती तेव्हा पन्नाशीची असेल नसेल. म्हणजे आज माझी सून आहे तेवढी.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी आली. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती चोपड्याकडची, दिली धुळ्याला. मी धुळ्याची, आले चोपड्याकडे. ह्या अदलाबदलीत दोघींनाही वाटायचं की आपण फसलो. निंबाला झोका बांधला होता. ती झोक्यावर आणि मी खाली, झोका द्यायला. तिने सहज विचारलं, कसं वाटतं आमच्या घरी. मी झोका देता देता म्हटलं, "सगळं चांगलं आहे अक्का, फक्त तुमच्या आईला ना खवट वास येतो."

तिने पाय टेकवून झोका थांबवला.  मला वाटलं, आपण किती मोकळं बोललो.

तर शनिवारी नातीने भाड्याची गाडी केली, खोकी भरली, आणि "तू येच, तुझ्या वयाच्या बायका तुझ्याशी बोलतील" म्हणून मलाही भरलं. एरंडोल, पारोळा, मग धुळे. मी खिडकीशी नाक लावून बसले. उतरायचं अक्काकडेच होतं. धुळ्यात दुसरीकडे उतरले असते तर तिने जन्मभर काढलं असतं. नात मला दारात सोडून, चहाचा घोट घेऊन, टेबल मांडायला हॉलवर गेली.

अक्का आता ऐंशीची. नवरा गेला, मुलं वेगळी राहतात, ती खालच्या दोन खोल्यांत एकटी. माझं ठरलं होतं. ती माझ्याहून मोठी. तिच्या मनगटावर तेल लावायचं आणि तीन तास थांबायचं. खवट झालं तर दोष वयाचा, आणि नातीला सांगायला तोंड राहील. नाही झालं तर. पुढचा विचार मी केला नव्हता.

"हाई काय शे?" तिने बाटली उलटीपालटी करत विचारलं.

"अत्तर. पोरीने केलंय. हात द्या."

तिने हात दिला. काय वास येतो विचारायची सोय नव्हती, विचारलं तर ती कारण विचारणार. मी म्हटलं, तीन तास धुवू नका. ती म्हणाली बरं, आणि मेथी निवडायला बसली. मी खिडकीशी गेले, दाराशी गेले, मोरीत जाऊन हात धुतला, कॅलेंडरला लावलेला तिचा गॅसच्या नोंदीचा कागद वाचला, परत दाराशी. चाळीस मिनिटं झाली होती.

"काय वं, इतली काबरं फिरी ऱ्हायनी? बस ना."

बसले. उठले. तिने मेथी निवडून संपवली, भाकरीचं पीठ काढलं, मला चहा दिला. अडीच तास झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, "अक्का, जरा हुंगून बघा. आता कसा येतो?"

तिने मनगट नाकाशी नेलं. मान हलवली. "माले काय समजस? मना नाकले वासच येत नही. तीन साल व्हई गयात." नाक तीन वर्षांपासून गेलंय, तिला फोडणी जळलेलीसुद्धा धुराने कळते. मला हसू आलं. जिच्यापुढे मी आठ दिवस मनात उभी होते तिला नाकच नव्हतं.

"तूच हुंग मना हात," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

तीन तास पुरे व्हायला थोडा वेळ होता, पण मी वाकले. मेथी होती. पिठाचा वास होता. आणि त्यांच्याखाली, बारीक, पण पक्का, तोच. माझ्या मनगटावरचाच. माझा जीव एकदम हलका झाला. आणि मग वर बघितलं तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नाक गेलंय तिचं, डोळे नाही.

"खवट ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तू म्हणेल व्हती एकदाव. मनी मायबद्दल."

"अक्का, मी पोर होते. अक्कल नव्हती."

"मी त्या दिवशी घरमा गऊ, मायना पदर हुंगा. बठ्ठ्या गोधड्या हुंग्यात. माले काहीच वास उना नही." ती पदर सारखा करत उठली. आईचा पदर, घरातल्या सगळ्या गोधड्या, सगळं हुंगून तिला काहीच लागलं नव्हतं. "मंग मी म्हणनू, हाई शहरनी पोर, हिले केळीना वास येत व्हई." तवा गॅसवर टाकता टाकता ती पुढे म्हणाली, "आते तुना हातले बी येस का नही ते सांग. माले कळाव नही, पन सांग."

मी सांगितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही जिला कळणार नव्हतं तिला. ती भाकरी थापत "व्हय का, व्हय का" म्हणत राहिली. भाकरी न खाताच मी उठले. ती मागून ओरडली की गरम आहे तोवर खा. मी म्हटलं येते, आणि रिक्षा करून हॉलवर गेले.

नात टेबलावर कापड घालत होती. साती तेलांच्या सात रांगा, पुढे हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. मूलाधाराची रांग सगळ्यात लांब. मी उभ्या उभ्याच बोलले, नाहीतर बोलले नसते. तिसऱ्या तासाला काय होतं ते सांगितलं, सूनबाईच्या हाताचं सांगितलं, अक्काच्या हाताचं सांगितलं. मग माझं मनगट पुढे केलं. सकाळी गाडीत बसायच्या आधी लावलं होतं, ते अजून होतंच.

तिने डोळे मिटून हुंगलं. बराच वेळ.

"हे पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि तू मला चंदन सांगितलंस."

"चंदनासारखं."

ती हसली नाही. खोक्यावर बसली. "बाकीच्या सहांचंही असंच सांगितलंस का?"

"नाही गं. ते सगळं खरं. पोटात ढवळतं ते खरं."

"आजी, तुला काय वाटलं, तुझ्या खोलीला वास येतो हे मला माहीत नाही?"

"येतो?"

"येतोच की. सगळ्यांच्याच आजीच्या खोलीला येतो."

"कसला?"

"खवटच. पण."

"पण बिण नको लावूस."

"नाही लावत. खवटच. तुझ्या स्वभावासारखा." ती वहीचं पान उलटत होती, जिथे माझं चंदन होतं. "वास आहे हे मला माहीत होतं. माझ्या तेलाने तो वर येतो हे माहीत नव्हतं. तेवढंच तू सांगायचं होतंस. त्याच्यासाठीच तर तुझा हात घेतला होता." तिने ती ओळ खोडली, आडवी रेघ मारून, आणि काहीतरी लिहिलं. मी वाचायला गेले नाही.

मूलाधार टेबलावरून काढावं असं मी सुचवलं. ती म्हणाली, सहाच चक्रं घेऊन बसले तर लोक म्हणतील हिला खालचं चक्रच नाही. मग तिने रांगेतली मूलाधाराची एक बाटली उचलून माझ्या हातात दिली.

"उद्या सकाळी सातला लाव. दहाला दार उघडेल, तोवर तीन तास होतील. ज्यांचे केस पांढरे, त्यांना आधी तुझा हात हुंगू दे. मग घ्यायचं त्यांनी ठरवू दे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

रविवारी सकाळी मी अक्काच्या मोरीसमोर उभं राहून सातच्या ठोक्याला तेल लावलं. हॉलवर मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. आधी तरुण मुलीच आल्या, त्यांनी स्वतःच्या हाताला लावलं, एकमेकींची हुंगली, गवती चहाच्या दोन बाटल्या गेल्या. मी खुर्चीवरून चार वेळा उठले. पाणी प्यायला, पंखा बघायला, उगाच.

मग एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, निवृत्त शिक्षिका असाव्यात असा चष्मा. त्यांनी सरळ मूलाधार उचललं. "वाळ्याचं ना हे?" नातीने माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला. रक्त तपासायला देतात तसा.

"हे तीन तासांपूर्वी लावलंय," मी म्हटलं. "आपल्या वयाच्या हातावर असं होतं. बघा आणि मग घ्या."

त्यांनी का कोण जाणे चष्मा काढला आणि वाकल्या. हुंगलं. वर आल्या नाहीत, परत हुंगलं.

"हा तर आमच्या कपाटाचा वास," त्या म्हणाल्या. "मी तीनदा डांबरगोळ्या बदलल्या. जात नाही."

"कपाटाचा नसेल तो," मी म्हटलं.

टेबलाखाली नातीने माझ्या पायावर पाय दिला. बाईंनी चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता निघून जातील. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि मनगट पुढे केलं.

"लावा. मला घाई नाही."

त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि खरंच बसल्या, बाराच्या पुढेपर्यंत. मध्ये लवंग गेली, वाळा आला, लव्हाळा आला. मी त्यांना लव्हाळ्याची गोष्ट सांगितली, त्यांनी नशिराबादच्या त्यांच्या मामाच्या शेताची सांगितली. दर दहा मिनिटांनी त्या मनगट नाकाशी न्यायच्या आणि मी उठून उभी राहायचे. एकच्या सुमारास त्यांनी हात माझ्यासमोर धरला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"तुम्हीच बघा. मला धीर होत नाही."

मी वाकले. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सांगायला वेळ लागला नाही. "आहे," मी म्हटलं. "माझ्याइतका नाही. पण आहे."

त्यांनी मान हलवली. मग स्वतः हुंगलं, एकदाच, आणि हात पदराखाली घेतला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "कपाट नाही फेकलं ते." मूलाधाराची बाटली त्यांनी रांगेत परत ठेवली आणि गवती चहाची उचलली.

नातीने वही उघडली. "आजी, तुमचं वय लिहू का? नाव नको, नुसतं वय."

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"बासष्ट," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि नातीला ते लिहू दिलं.